कोपीतली पिल्लं

खोक्यातला बल्ब गेला तेव्हा एका अंड्याला नुकती भेग पडली होती. आत चोच टकटक करत होती. राहीबाई काचेला डोळा लावून बसली होती. तिला आधी वाटलं, आपल्याच डोळ्यांवर अंधारी आली.

"लाईट गेली काय गं?" अंगणातून बिभीषण ओरडला.

डीपी जळाली होती. वायरमनला फोन लावला, तर उद्याशिवाय काही होत नाही म्हणाला. माघाची थंडी, ऊन ओट्यावरून उतरलेलं. खोक्यातला पंखा थांबला आणि घर एकदम गप्प झालं.

हे खोकं म्हणजे बिभीषणचा हट्ट. दारातल्या कोंबड्या अंडी घालायच्या, पण खुडूक बसायचं नाव घेत नव्हत्या. मग त्यानं थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून स्वतःच अंडी उबवायला घेतली. पहिल्या खेपेला बल्बखालची उकडली, कोपऱ्यातली गार राहिली. दुसऱ्या खेपेला पिल्लं कवचातच मेली. मग त्यांच्या लेकीनं, ज्योतीनं, नगरहून जुन्या कॉम्प्युटरचा पंखा पाठवला आणि सेलवर चालणारं तापमानाचं यंत्र दिलं. बिभीषणनं पंखा बसवला, आत पाण्याची वाटी ठेवली, फटी मेणानं बुजवल्या. या खेपेला सगळं जमलं होतं. पिल्लं निघताना बघायची म्हणून ज्योती सुट्टी टाकून आली होती.

आणि आता यंत्रावरचा आकडा खाली खाली चालला होता.

राहीबाईनं चुलीवर पाणी ठेवलं. बाटल्यांत भरलं, बाटल्या फडक्यांत गुंडाळून खोक्यात कडेनं लावल्या. आकडा थांबला. थोडा चढलासुद्धा.

"हे आधीच सुचाया पायजे हुतं," बिभीषण म्हणाला. "बाटल्या कायमच आत ठिवायच्या. लाईट गेली तरी ऊब दम धरंल."

"ते पुढच्या टायमाला. ह्या भेग पडलेल्यांचं काय?" राहीबाई म्हणाली.

आता आणखी दोन-तीन अंडी टकटकत होती. बाटल्या बदलायला झाकण उघडलं की गार वारं आत शिरायचं. बिभीषण हात चोळत उभा राहिला. मग एकदम म्हणाला, "राहे, कोपीत केल्तं तसं करू."

राहीबाईनं चटकन ज्योतीकडं पाहिलं.

कोपीचं, ऊसतोडीच्या दिवसांतल्या त्या उसाच्या पाचटाच्या झोपडीचं, नाव या घरात निघत नव्हतं. ज्योतीला नोकरदारांच्या घरात दिलं तेव्हापासून ऊसतोडीचा विषयच बंद झाला होता. कुणी तसं ठरवलं नव्हतं. आपसूक झालं होतं. माझा जन्म बेलापूरकडचा, तिकडच्या दवाखान्यातला, असं ज्योती सासरी सांगायची आणि ते तिला खरंही वाटायचं.

"कुठली कोपी?" ज्योतीनं विचारलं.

बिभीषणनं गोधडी आणली. राहीबाई बाजेवर कुशीवर झाली, भेगाळलेली अंडी तिनं पोटाशी घेतली आणि त्यानं वरून गोधडी अलगद टाकली. असं पांघरूण घालताना त्याचे हात अजून तसेच जपून वागतात, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला उगाच हसू आलं.

"अगं, सांग की आई."

"काय सांगू?" राहीबाई खोक्याकडं बघत राहिली. "आमी तोडीला निघालो तवा कोंबडी खुडूक बसल्याली. तिला ठिवायची कुठं? टायरगाडीच्या बुडाला पाटी टांगली, त्यात अंड्यांसकट बसवली. लई हादरे बसले वाटंनं, पर ती उठली न्हाई. फडावर गेल्यावर मुंगसानं नेली. अंडी तेवढी राह्यली. भेगा पडायला लागल्याली. तुझ्या बापाला काय सुचंना. कोपीत आला आन् सगळी अंडी माझ्या गोधडीत सारली."

"तिथंच तेवढी ऊब हुती," बिभीषण म्हणाला. "बाहेर दहिवर पडत हुतं."

"तू का झोपलेलीस? तोडीला गेली नव्हतीस?"

बिभीषणनं मान खाली घातली.

"बाळंतीण हुते मी," राहीबाई म्हणाली. "कोपीतच झालीस तू. तुझं बारसं बी झालं नव्हतं. एका अंगाला तू, एका अंगाला अंडी. रातभर कूस बदलली न्हाई."

राहीबाईला पाचटाच्या छपरातून येणारा धूर आठवला, उसाचा गोडसर वास आठवला, पहाटे कोयता घेऊन निघालेला बिभीषण दारातून पुन्हा पुन्हा वळून बघायचा ते आठवलं. किती हाल होते. तरी ते दिवस आठवले की जीव तिकडंच ओढ घ्यायचा. का, ते तिला कधी सांगता आलं नसतं.

पोटाशी काहीतरी हललं. ओलसर, कोमट. एक बारीक चिवचिव गोधडीतून बाहेर आली.

"जगली का ती?" ज्योतीनं विचारलं. "कोपीतली?"

"जगली की. तू रडलीस की ती वरडायची. ती वरडली की तू गप व्हायचीस."

ज्योती दारात उभी होती. बाहेर कुणाच्या तरी मोटारसायकलचा आवाज आला नि विरला. तिनं हातातला मोबाईल फळीवर ठेवला, चपला काढल्या आणि बाजेजवळ आली.

"सरक जरा तिकडं," ती आईला म्हणाली, "मला पण दे त्यातली दोन."

राहीबाई सरकली. पाठ भिंतीला टेकेपर्यंत सरकली.