बिजलीचं कडं

वीटभट्टीवरच्या शाळेत बिजली आली ती फाटलेला ओठ आणि सुजून मिटलेला डोळा घेऊनच. ढवळेबाई चरकल्या. शाळेने दिलेलं कडं हातात असलं, की घाव मारणाऱ्याच्याच अंगात उतरायचा. मागे बिजलीला लाथ घालताना तिच्या बापाचीच बरगडी मोडली होती.

"कडं कुठंय गं?"

"आईला घातलं. मला मारता येईना म्हणून बा तिलाच तुडवत होता. काल तिला मारलं, तर त्याचेच दात पडले. मग माझ्याकडं वळला."

"वेडी का तू? परत घे ते."

"मी दिसभर शाळेत असते, बाई. ती कुठं जाणार?"

कडं पटावरच्यालाच मिळायचं, तेही एकच. बाईंनी कपाटातून नवं काढून तिच्या हातात चढवलं.

"उद्या आईला घेऊन ये. तिचंही पहिलीत नाव घालू."