बाभळीखालची जागा

“कंटेनर उतरवायचं ड्रायपोर्ट झालं, चौपदरी रस्ता आला. आता इथं नुसती गोदामं दिसतील,” कंपनीचा साहेब शेताच्या धुऱ्यावर उभा राहून म्हणाला. “जमिनीचं सोनं झालं तुमच्या, दगडूबा! त्या बाभळीपाशी वजनकाटा बसवू. भरलेले ट्रक उभे राहणार, तेव्हा जमीन टणक हवी. तिथं कधी खणलेलं नाही ना?”

नाही म्हणायला दगडूबानं तोंड उघडलं. मागून त्याची बायको सुभद्रा चहाची किटली घेऊन येत होती. तिची पहिली लेक जन्मून तिसऱ्या दिवशी गेली, तेव्हा ती दवाखान्यात तापानं फणफणत होती. लेकीला कुठं पुरलं, हे तिनं किती वेळा विचारलं. “विसर आता,” एवढंच तो म्हणायचा.

पण पोरीच्या अंगावर ट्रक उभे राहणार म्हटल्यावर त्याची जीभ रेटेना.

“खणलंय साहेब. मीच खणलंय. माझी लेक हाय तिथं.”

सुभद्रानं किटली धुऱ्यावरच ठेवली. बाभळीखाली बसून ती कितीतरी वेळ मातीवरून हात फिरवत होती. मग तिनं मान वर केली.

“म्हून व्हय, आंब्याची गार सावली सोडून तुमी मला रोज इथंच जेवाया बसवत व्हते?”