धागा तुटल्याची खूण

डुक्कर कारवीच्या झुडपांतून उसळलं ते थेट मष्णूच्या अंगावर. मष्णूने हातातला बांबू टाकला आणि बाजूला उडी मारली. त्या मोकळ्या वाटेने डुक्कर निघून गेलं.

हाकारे थांबले. पोरं एकेक करून जमली. वडगावच्या एकाच विणकर गल्लीतली ही पोरं धबधबा बघायला म्हणून आलेली. मागे नदीवरचा साकव वाहून गेला आणि नंदगडच्या पलीकडच्या या रानात ती अडकली. आधी बिस्किटं संपली, मग मोबाइल बंद पडले. त्यानंतर सगळे नागराज सांगेल तसं वागू लागले. पोरांत तोच थोरला.

"वाट कुणी सोडली रं?" त्याने विचारलं.

"ते अंगावर आलतं, आण्णा," मष्णू म्हणाला.

"अंगावर आलतं म्हणं! घरात आईजवळ बसून कांड्या भरायच्या सोडून शिकारीला कशाला आलास?"

पोरं हसली. सौरवही हसला. त्याचं आणि मष्णूचं घर लागून होतं. दोन्ही घरांतल्या यंत्रमागांमध्ये एकच भिंत. तरी त्याला हसू आलं.

"डुक्कर तर गेलं," नागराज म्हणाला. "आता डुक्कर कोण?"

"मष्णू!" कुणीतरी ओरडलं.

"मग पळ की."

"चेष्टा नको आण्णा. पोटात काय न्हाय माझ्या."

"आमच्या तरी कुठं हाय?" नागराजने तासलेल्या बांबूचं टोक मष्णूच्या पोटरीत रुतवलं. रक्ताचा बारीक ओघळ घोट्याकडे निघाला. "पळ."

मष्णू पळाला.

पहिली आरोळी गमतीची होती. दुसरी तशी नव्हती. आपण किती मोठ्याने ओरडतोय हे सौरवला घसा दुखायला लागल्यावर कळलं. भूक कुठल्या कुठे गेली होती, पाय हलके झाले होते. मष्णू झुडपांत शिरला की पोरं दोन्ही बाजूंनी वेढा घालत, मघाशी डुकराला घातला तसाच. मष्णू डुकरापेक्षा हळू पळत होता.

नदीपाशी रान संपलं. मष्णू काठावरच्या खडकावर चढला आणि वळला. मागे पाणी, पुढे सौरव. सगळ्यांच्या आधी तोच पोचला होता. त्याच्या हातातल्या बांबूचं टोक मष्णूच्या छातीसमोर होतं. मष्णूचे ओठ हलत होते. पण अख्ख्या गल्लीतले माग एकदम चालावेत तसा नदीचा आवाज. काही ऐकू येत नव्हतं.

मग मष्णूने दोन्ही हात वर केले. चिमटीला चिमटी लावली आणि झटक्यात वेगळी केली.

धागा तुटला.

मागांच्या खडखडाटात शब्द पोचत नाही, म्हणून गल्लीतली माणसं हातांनी बोलतात. ही खूण पोरं सगळ्यात आधी शिकतात. ती म्हाताऱ्याने करो की शेंबड्या पोराने, माग बंद करायचा. काय झालं ते नंतर विचारायचं.

सौरवचा डावा हात बांबूवरून सुटला आणि आपोआप बाजूला गेला, माग बंद करायचं हँडल शोधत.

त्याने मागे बघितलं. नागराज येऊन उभा होता. त्याने हात पुढे केला, मूठ आवळली आणि ती आपल्याकडे ओढली. तीही गल्लीतलीच खूण. चालू कर.

सौरवचा हात हवेत चाचपडला. तिथे हँडल नव्हतं. मग तो हात परत बांबूवर, उजव्या हाताच्या शेजारी जाऊन बसला.

खडकावर मष्णूची बोटं तोच धागा पुन्हा पुन्हा तोडत होती.