भेंडीची लव

अल्लीपूरच्या त्या वावरात आश्विनातले ऊन कधीच घाईने येत नसे. आधी ते विहिरीच्या काठावर टेकले. मग वांग्यांच्या जांभळ्या पाठींवरून सरकले, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात दवाशी थोडे रेंगाळले, टोमॅटोच्या काठ्या ओलांडून धुऱ्यालगतच्या, शेताच्या बांधाकडच्या उघड्या पट्ट्यावर उतरले आणि तिथे अडवायला काहीच नसल्याने खुशाल पसरून बसले. आदेश ते पाहत उभा होता. खरे तर तो वडिलांची पाठ वळण्याची वाट पाहत होता. ताराचंद बैलाकडे वळले, आणि आदेशने जांघेत मनसोक्त खाजवून घेतले.

पुटकुळ्या बारीक होत्या, लालसर होत्या आणि पांघरुणात शिरले की जाग्या होत. मोबाइलवर शोधून जी जी भयंकर नावे सापडली, ती सगळी त्याने निमूटपणे स्वतःला लावून घेतली होती. दिवाळीनंतर जयाशी लग्न ठरले होते. तिचा फोन वाजला की तो वाजू देई.

"काऊन खाजवून राह्यला रे?" एकदा आईने विचारलेच.

"भेंडीची लव लागली," तो बोलून गेला.

कुसुमबाईंना ते पटले. इतके पटले की पुढे भाकरी थापताना मनगट खाजवत त्याच म्हणाल्या, "मलेबी लागली वाटते." ताराचंदांनी दाराच्या चौकटीला पाठ घासत दुजोरा दिला, "यंदा लव लय हाय."

शेवटी आदेश हिंगणघाटला गेला. त्वचेच्या डॉक्टर बाई निघाल्या. तो दारातूनच परतणार होता, पण तेवढ्यात त्याचे नाव पुकारले गेले. बसमध्ये घोकलेली वाक्ये त्याने ओठांशी आणली; त्यातले दिवाळीनंतर लग्न आहे, एवढेच बाहेर पडले.

"आधी हात दाखवा," त्या म्हणाल्या.

त्यांनी बोटांच्या बेचक्या पाहिल्या, मनगट पाहिले. मग पडद्याआड जांघ पाहिली, वांगे किडके आहे का पाहावे तितक्याच सहजपणे. "खरूज आहे. बरी होते. घरात आणखी कोणाला खाज?"

"नाई जी. आई-बाबाले भेंडीची लव लागते, तेवढंच."

"लव रात्री झोपेतून उठवते का?" त्या हसल्या. "मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, मानेपासून तळपायापर्यंत. आठवड्याने पुन्हा. कपडे, अंथरूण कढत पाण्यातून काढा. एकटेच लावाल तर तुम्हाला परत होईल, आणि लग्नानंतर बायकोलाही."

परतीच्या बसमध्ये त्याला पिसासारखे हलके वाटले. सगळी भयंकर नावे एकेक करून खिडकीबाहेर उडून गेली. अल्लीपूरचा फाटा आला, तेव्हा मात्र पिशवीतल्या मलमाच्या नळ्यांना एकदम वजन आले.

संध्याकाळी जेवणे झाली. त्याने नळ्या आईपुढे ठेवल्या.

"हे काय?"

"खरजेचं मलम. आज सगळ्यायनं लावाचं."

कुसुमबाईंचा चेहरा उतरला. "आपल्या घरी खरूज? जयाच्या मायले कळलं तर काय म्हणन ते? लव हाय बापू ते, भेंडीची."

"लवच हाय," ताराचंद म्हणाले आणि भिंतीला पाठ घासू लागले.

दोघेही त्याच्याकडे आशेने पाहत होते. नुसती मान हलवली असती तरी घर निवांत झाले असते. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. जयाचा होता. या वेळी त्याने तो वाजू दिला नाही, उचलला आणि म्हणाला, "थांबजो थोडी, ठेवू नको."

मग फोन हातात तसाच धरून तो वडिलांकडे वळला.

"बाबा, धुऱ्याजवळचा पट्टा उघडाच हाय. यंदा आपण भेंडी लावलीच नाई."