जोडीची पंच

शिट्टी वाजवली त्याच क्षणी आपलं चुकलंय, हे त्याला कळलं होतं. पण बास्केटबॉलच्या भरल्या हॉलसमोर माघार कशी घ्यायची? त्याने ठासून हात दाखवला. चेंडू लाल संघाचा.

जोडीची पंच धावत आली. ती त्याचीच लेक. तोंडावर हात धरून कुजबुजली, "बाबा, अरे, लालवाल्यांच्याच हाताला लागून बाहेर गेला. मी अगदी समोर होते. बदल ना निर्णय, अजून वेळ आहे."

"इथे मी तुझा बाबा नाही. सर म्हणायचं. जा जागेवर."

निळ्या संघाचा कोच तिच्या अंगावर धावून आला. "मॅडम, तुम्ही तर समोरच होतात! तुम्हाला काय दिसलं?"

"सरांना दिसलं तेच," ती म्हणाली.

निळे एका गुणाने हरले. बाहेर पडताना लोकांच्या शिव्या तिनेही निमूट खाल्ल्या.

पार्किंगपर्यंत त्याला तिच्याकडे बघवेना. चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. शेवटी त्याने नुसताच हात पुढे केला. "आण गं ती बॅग इकडे, जड असेल."



"असू द्या, सर."