गार गुडघे

पडद्यावर रंगरावांचे गुडघे हिरवेगार दिसत होते, म्हणून यंत्राने रक्तदाब वाढवायचं औषध कमी केलं होतं. रक्तदाब मात्र घसरतच होता.

जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यापासून औषध किती सोडायचं हे गुडघ्यांवर चिकटवलेल्या, रक्तप्रवाह मोजणाऱ्या पट्ट्याच ठरवत होत्या. कातडीखाली रक्त पोचलं की पडद्यावर हिरवा रंग, नाहीतर जांभळा.

डॉक्टर इनामदार धावत आल्या. यंत्रात बिघाड नव्हता. रंगरावांच्या बायकोचे, शेवंताबाईंचे, दोन्ही हात चादरीखाली होते. डॉक्टरांनी चादर उचलली. शेवंताबाई पट्ट्यांभोवती जोरजोरात गुडघे चोळत होत्या.

"अहो बाई, हे काय करताय?"

"ह्यांचे पाय बर्फासारखे गार पडले होते. चोळल्यावर हिरवं झालं बघा!"

"तुम्ही चोळताय म्हणूनच हिरवं दिसतंय. आतून रक्त पोचतच नाहीये. हात काढा आधी!"

शेवंताबाईंनी चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. पडद्यावरचा हिरवा रंग विरला आणि गुडघे जांभळे झाले. यंत्राने लगेच औषध वाढवलं. रक्तदाब घसरायचा थांबला, पण अजून चढत नव्हता. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या.

"डोक्याला पट्टी नाही ना लावलेली?" शेवंताबाईंनी हळूच विचारलं. "तिथं ठेवू का हात?"