एकशे सात

"वजन किती, काकू? त्या बेतानं पुढच्या शॉकअपमध्ये हवा भरतो," जुन्या सायकली विकणारा कादर छोटा पंप जोडत म्हणाला.

माउंटन बाइक घ्यायला आलेल्या प्रमिलाताईंनी कुणी ऐकत नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिलं. सोळाव्या वर्षी त्या मैत्रिणीच्या सायकलवर बसल्या आणि भर बाजारात मागचं चाक वाकलं. लोकांचं ते हसणं अजून कानांत होतं. तेव्हापासून सायकल सुटली ती सुटलीच.

"पंच्याऐंशी," त्या पुटपुटल्या.

कादरनं हवा भरली. ताईंनी सीटवर बसून हँडल धरलं तोच पुढचा भाग भसकन खाली गेला. समोर उतार होता. त्यांनी ब्रेक घट्ट दाबून धरला.

"थांब रे! एकशे सात आहे."

आता हा हसणार, म्हणून त्यांनी डोळे मिटले. कादरनं त्यांना उतरवून पंप पुन्हा जोडला.

"आधी नाही का सांगायचं, काकू! हिचे पहिले मालक एकशे वीसचे. चार वर्षं घाट चढले हिच्यावर. बसा आता."

या वेळी सायकल जराशीच दबली. भीती होतीच. तरी प्रमिलाताईंनी ब्रेक सोडला.